वसई बेटाचे धन



दक्षिणेस वसईची खाडी, अन्य खाड्या व पश्चिमेस समुद्र, ह्यांमुळे आमची वसई पूर्वी बेट गणली जाई. सन १५३४ त ती पोर्तुगीजांकडे गेली. सन १७३९ त चिमाजी आप्पांनी किल्ला सर केला. आतील मठ व देवळे ओस पडली. आज तेथे छपरावाचून भिंती उभ्या आहेत. सत्तेबरोबर आलेला धर्म सत्तेबरोबरच जाईल, असे पुष्कळांस वाटले असेल. परंतु केळीच्या व पानवेलीच्या वाड्या शिंपणाऱ्या, समुद्रावर होड्या घालणाऱ्या आमच्या पूर्वजांनी श्रद्धा राखली. घरी सामवेदी, वाडवळी वा कोळी बोली आणि आज देवळात मराठी, हाच तिचा निवारा होय.

ह्याच भूमीचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी जपानी भाषा आत्मसात करून तेथे दुभाष्याचे काम केले व ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर प्राण अर्पिले. त्यांनी परक्यांची भाषा प्रेमाने शिकावी आणि आम्ही स्वतःची मुलांच्या ओठी ठेवू नये काय? किल्ल्याचे दगड ढासळतात. मायबोलीतील सायंप्रार्थना ढासळत नाही. ह्या महोत्सवी ती घरोघरी चालू ठेवण्याची कृपा प्रभू आम्हांस देवो.