घरचे फाटक आणि हजेरीपट



आम्ही पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण अकोल्याच्या जिनिंग आणि दालमिलच्या फाटकांवर झाले. फाटकावर कोण येतो-जातो ते चौकीदाराला ठाऊक असावे आणि हजेरीपटावर नाव नसलेला इसम आत दिसला तर त्याची विचारपूस व्हावी, एवढे आम्ही तेथे शिकलो. घरच्या वायफायविषयी आज अमरावतीकरांपुढे आम्हाला सांगायचे आहे ते याहून फारसे वेगळे नाही.

आमच्या घराची ओसरी हीच युनियनची कचेरी. गेल्या वर्षी एका कारखान्यात नवी युनियन उभी राहत होती. सह्या करणाऱ्या कंत्राटी कामगारांची यादी आमच्या संगणकात होती आणि घरातल्या इतर यंत्रांवरून पाहता यावी म्हणून आम्हीच ती उघडी ठेवली होती. ती बाहेर गेली असती, तर कित्येकांना दुसऱ्या दिवशी फाटकावरूनच परत फिरावे लागले असते. आणि वायफायचा पासवर्ड काय? युनियनचे नाव आणि पुढे १२३!

एका संध्याकाळी आम्ही राउटरच्या पाठीवर छापलेला पत्ता संगणकात टाकून त्याचे पान उघडले. जोडलेल्या यंत्रांची यादी, म्हणजे वायफायचा हजेरीपटच, पुढे आली. नावे सात. घरातले एकेक यंत्र बंद करीत आम्ही एकेक नाव खोडले. सहावे अनोळखी नाव आमच्याच मुलीच्या फोनचे निघाले. हल्लीचे फोन आपला मूळ क्रमांक झाकून दुसराच सांगतात. तेव्हा अनोळखी दिसला तो चोर, असे लगेच ठरवू नये. सातवे मात्र खोडता येईना. आम्ही यादी कुलूपबंद केली, पासवर्ड बदलला. झोप काही लागली नाही.

सकाळी शेजारचे शिंपीदादा दारात. "भाऊ, तुमचं नेट बंद पडलं काय जी? पोराचा अभ्यास रायला."

आम्ही हसलो, पण ते हसू टिकले नाही. शिंप्याचा पोरगा महिनोन् महिने आत येतो आणि आम्हाला पत्ता नाही, तर ठेकेदाराचा माणूस आला असता तर तो तरी कसा कळला असता?

हे भय काल्पनिक नव्हे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे धमकीचा ईमेल गेला होता. पोलिस माग काढीत नवी मुंबईत सानपाड्याला एका परदेशी गृहस्थाच्या घरी पोहोचले. ईमेल त्यांनी पाठवला नव्हता; त्यांच्या वायफायला कुलूप नव्हते, एवढेच. पण जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याच दारावर पहिली थाप पडते.

मग करावे काय? वायफायचा पासवर्ड लांब ठेवावा. चार असंबद्ध शब्द जोडले तरी चालतील. राउटरच्या पानाचा पासवर्ड निराळा असतो, तो कारखान्यातून येतो तसाच ठेवू नये; २०१६ साली ‘मिराई’ने असेच मूळ पासवर्ड चालवून जगभरची लाखो घरगुती यंत्रे ताब्यात घेतली. कुलपाचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावा. डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी. तिचा ८ अंकी आकडा दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ साली उघड झाले. राउटर जुना असेल तर त्याचे नवे सॉफ्टवेअर घालावे. आणि महिन्यातून एकदा हजेरी घ्यावी.

राहिला शिंप्याचा पोरगा. जन्मभर ‘वाटून खा’ म्हणत आलो, आणि आता त्याला दार लावायचे? आम्ही राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी सुरू केली. तिच्यावरून इंटरनेट मिळते, घरातली यंत्रे दिसत नाहीत. तिचा पासवर्ड आम्ही स्वतः त्याच्या हातात दिला. आता हजेरीपटावर त्याचे नाव आहे.

मंडळी, दार उघडे टाकणे म्हणजे औदार्य नव्हे. कोणाला आत घेतले हे ठाऊक असून घेणे, ते औदार्य. आज घरी गेल्यावर हजेरी घ्या, एवढीच विनंती.