विळ्या-कोयत्याचे पाणी
(पेडगाव, ता. परभणी येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजतो. म्हणजे दोन माणसांची मजुरी त्या एका पात्यावर चालते. पात्याची धार दुमडली तर काम रखडते आणि पाते तुटले तर तुकडा हातापायावर किंवा डोळ्यावर उडतो. सोयाबीन कापणाऱ्या विळ्याचे आणि निंदणीच्या खुरप्याचेही असेच आहे. दोष बहुधा लोखंडाचा नसतो, तो पाणी देण्याच्या पद्धतीत असतो.

प्रथम लोखंड पारखावे. साध्या सळईत कर्ब फार कमी असतो. तिला कितीही पाणी दिले तरी ती कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कर्ब अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो, शिवाय सिलिकॉन असते. म्हणून तो कोयत्याला उत्तम. मात्र जुन्या पाट्याला बारीक तडे असतात. तडा गेलेला भाग घेऊ नये. शंका असल्यास लहान तुकडा लाल तापवून पाण्यात बुडवावा व कानस फिरवावी. कानस घसरली तर लोखंड पाणी धरते असे समजावे.

पाते घडवताना ठिणग्या उडेपर्यंत तापवू नये, कारण त्यामुळे पोलाद जळते. तसेच लाली गेल्यावर ठोकू नये, तडे जातात. घडाई झाल्यावर पाते लाल करून हवेतच निवू द्यावे. असे दोन-तीन वेळा केल्यास पोलादाचा जाड झालेला कण पुन्हा बारीक होतो व पाते चिवट बनते. धार एकदम पातळ करू नये. रुपयाच्या नाण्याएवढी जाडी ठेवावी, नाहीतर पाणी देताना पाते वाकते.

आता पाणी. हे काम उन्हात न करता सावलीत किंवा तिन्हीसांजेला करावे, म्हणजे रंग नीट दिसतो. पाते सगळीकडे सारखे तापवावे आणि मधून मधून लोहचुंबक लावून पाहावे. सुमारे ७७० अंशाला चुंबक चिकटणे बंद होते. कमानीच्या पाट्याला त्यापुढे थोडा ताव, म्हणजे सुमारे ८५० अंश, लागतो. मग धार खाली करून पाते तेलात बुडवावे. ते मागे-पुढे हलवावे, आडवे हलवू नये. कमानीचा पाटा थंड पाण्यात बुडवल्यास तडकण्याची भीती असते. शेंगदाण्याचे किंवा करडईचे जुने तेल चालते. ते ५० ते ६० अंश कोमट असावे. तेल लोखंडी डब्यात घ्यावे व भडका विझवण्यासाठी झाकण जवळ ठेवावे. मुलांना दूर ठेवावे.

बरेच जण येथेच थांबतात आणि हीच खरी चूक आहे. या वेळी पाते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ असते. हातातून पडले तरी तुटू शकते. म्हणून त्याच दिवशी त्याचे पाणी थोडे उतरवावे. कारखान्यात याला टेंपरिंग म्हणतात. पाते दगडावर घासून चकचकीत करावे आणि तापलेल्या जाड लोखंडावर पाठीकडून ठेवावे. पाठीकडून धारेकडे रंग सरकू लागतात. सुमारे २३० अंशाला गवती पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा व ३०० ला निळा. विळा-खुरप्याची धार तपकिरी झाली की पाते काढावे. घाव सोसणाऱ्या कोयत्या-कुऱ्हाडीची धार जांभळी ते निळी होऊ द्यावी. पुन्हा एकदा तोच ताव दिल्यास अधिक चांगले.

शेवटी, ग्राइंडरवर धार लावताना पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. धारेवर निळा डाग दिसला की तेथले पाणी उतरले असे समजा. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय ग्राइंडरसमोर बसू नये.

तुम्ही स्वतः भाता चालवणार नसाल, तरी पुढच्या वेळी लोहारदादाला एवढे विचारा, "पाणी दिले, पण उतरवले का?" सुगीच्या घाईत दोन घटका थांबणे जड जाते, पण तुटलेल्या कोयत्यामुळे झालेली जखम त्याहून जड जाते.