‘इग्नाइट’ मराठीत कसे पेटते?

(उन्हाळी व्याख्यानमालेत घोटी येथे दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या ओळीला ‘दीपप्रज्वलन’ छापलेले असते. तीच पत्रिका ज्या घरात येते, तिथे तिन्हीसांजेला मात्र कोणी काही प्रज्वलित करत नाही. ‘देवापाशी दिवा लाव गं,’ एवढेच सांगतात. चूल पेटवतात, उदबत्ती लावतात, चितेला अग्नी देतात. ‘चितेला काडी लाव’ म्हणणारा माणूस चारचौघांत बोलणी खाईल.

इंग्रजीत या सगळ्यांना ‘इग्नाइट’ चालून जाते. मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीने १८४७ साली पुरा केला. तेव्हापासून आजतागायत कोशकारांपुढे हा पेच आहे, की एका शब्दासमोर किती शब्द मांडायचे आणि कुठला कधी वापरायचा हे वाचणाऱ्याला कसे सांगायचे.

गंमत अशी की हा पाहुणा नात्यातलाच आहे. लॅटिन ‘इग्निस’ म्हणजे विस्तव. तो आणि संस्कृत ‘अग्नी’ एकाच मुळाचे. ‘इग्निस’पासून ‘इग्नाइट’ आणि अग्निजन्य खडकाला लावायचे ‘इग्निअस’ हे विशेषण आले. घोटीच्या दक्षिणेला १,६४६ मीटर उंच कळसूबाई आहे. ते शिखर ज्या बेसाल्टचे बनले, तो अग्निजन्यच. ‘फायर’चे घराणे वेगळे. त्याचे नाते ग्रीक ‘पिर’शी लागते.

‘अग्नी’चे दुसरे टोक पंजाबात आहे आणि ते ऐकायला घोटीकरांना दूर जावे लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ढाब्यावर पंजाबी ट्रकचालक विस्तवाला ‘अग्ग’ म्हणतो. प्राकृतात ‘अग्गि’ होते. पंजाबीने जोडाक्षर राखले, मराठीने ते सोडून आधीचा स्वर लांबवला. अग्ग-आग, हत्थ-हात, कन्न-कान, सत्त-सात ही सगळी त्याच चालीची भावंडे. ‘अग्ग लाउणी’ म्हणजे पंजाबीतही घर पेटवणे आणि माणसामाणसांत भांडण लावणे, दोन्ही. दिव्यासाठी मात्र तिथे वेगळे क्रियापद आहे, ‘दीवा बालणा’. म्हणजे ‘इग्नाइट’चा अर्थ शोधणारा पंजाबी विद्यार्थी आणि मराठी विद्यार्थी एकाच जागी अडखळतात. त्यांना आधी विचारावे लागते, पेटवायचे आहे ते काय?

इगतपुरी तालुक्यात या प्रश्नाचे फार चांगले उत्तर भातशेतीत मिळते. रोपे टाकायच्या जागेवर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पावसाळ्याआधी वारा पडलेला पाहून विस्तव लावायचा. हा राब. यात जाळ नको असतो, धग हवी असते. मातीच्या थरामुळे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते. तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, राख तिथेच मिसळते. म्हणून शेतकरी ‘राब भाजला’ म्हणतो. भाकरी भाजावी तशी इथे जमीन भाजली जाते. हल्ली भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत राबाऐवजी भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळायला सांगतात. भातगिरण्यांच्या घोटीत तुसाला तोटा नाही.

राबाची ठिणगी बांधापलीकडच्या वाळल्या गवतात गेली, की क्रियापद बदलते. वणवा ‘लागतो’. लागतो की लावतात, यावर पुढची सगळी चौकशी अवलंबून. इंग्रजी ‘इग्नाइट’ स्वतः पेटण्यालाही चालते आणि दुसऱ्याने पेटवण्यालाही. मराठीला पेटणे-पेटवणे, लागणे-लावणे, जळणे-जाळणे अशा जोड्यांतून एक निवडावेच लागते. गंजी जळाली आणि गंजी जाळली यांत जेमतेम एका कान्याच्या जागेचे अंतर, पण दुसरी गोष्ट पोलिस ठाण्यात जाते.

महामार्गावरचे ‘इग्निशन’ याहून निराळे. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी इंधन पेटवते. कसारा घाट चढून येणाऱ्या डिझेल ट्रकला ती ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते, की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. मेकॅनिक ‘इग्निशन’ हा शब्द जसाच्या तसा वापरतो, चालकाला मात्र ‘किल्ली मार’ म्हणतो. तिथे कोणाला प्रतिशब्दाची उणीव भासत नाही.

खरी परीक्षा लाक्षणिक अर्थाची. एखादी बातमी वाद ‘इग्नाइट’ करते, तेव्हा मराठीत वाद पेटतो. हे नीट बसते. एखादी शिक्षिका मुलांचे कुतूहल ‘इग्नाइट’ करते, तेव्हा कुतूहल पेटवून चालत नाही, ते जागवावे किंवा चाळवावे लागते. मराठीत पेटण्याच्या कडेला राग उभा असतो. डोके पेटते, तळपायाची आग मस्तकात जाते. पोटातली आग भुकेची आणि जळणे मत्सराचे. दोन घरांत विस्तव जात नाही, असे म्हटले की वैर समजते, कारण एके काळी शेजारून निखारा मागून आणणे ही रोजची रीत होती. अन्यायाविरुद्ध माणसे पेटून उठतात, तिथे मात्र हाच शब्द गौरवाचा होतो.

डॉ. अब्दुल कलाम यांचे ‘इग्नायटेड माइंड्स’ २००२ साली आले. मराठीत त्याचे नाव ‘प्रज्वलित मने’ झाले. ‘पेटलेली मने’ म्हटले असते, तर वाचकाला आधी दंगल आठवली असती. समईचा शब्द इथे उपयोगी पडला. पत्रिकेत जड वाटणाऱ्या ‘प्रज्वलन’ला त्या मुखपृष्ठावर योग्य जागा मिळाली.

जाहिराती आणि प्रशिक्षणवर्गांची भाषांतरे मात्र हा विवेक पाळत नाहीत. ‘तुमच्यातील आग पेटवा’ हे वाक्य कागदावर मराठी दिसते, कानाला परके लागते. ‘ईर्ष्येने कामाला लागा’ म्हटले तर तेच घरचे होते.

तालुक्यातल्या शाळांना आज एक विनंती. येत्या राबाच्या दिवसांत मुलांना वही घेऊन आजी-आजोबांकडे पाठवा. लावणे, पेटवणे, भाजणे, शेकणे, चेतवणे, धुमसणे, फुलवणे, यांतले काय कशासाठी म्हणतात ते लिहून घ्यायला सांगा. राब कमी होत चालले आहेत, चुली गॅसच्या झाल्या आहेत. हे शब्द नेमके वापरणारी माणसे अजून घराघरांत आहेत, तोवर ही वही भरून घ्या.