शिक्षण कोणाच्या हाती : दिल्लीच्या की राज्याच्या?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, केंद्र आणि राज्य यांचा वाद हा पुढाऱ्यांचा आणि वकिलांचा प्रश्न आहे. आपल्या मुलांच्या दप्तराशी त्याचा काय संबंध? संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. मुलाने कोणत्या इयत्तेपासून कोणती भाषा शिकावी, डॉक्टर होण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी, ती कोणत्या भाषेतून द्यावी, शाळेला पैसा कोणत्या अटीवर मिळावा, हे सारे कोणीतरी ठरवीत असते. तो ‘कोणीतरी’ मुंबईत बसतो की दिल्लीत आणि त्याला हा अधिकार कोणी दिला, हे पालकांना ठाऊक असावयास हवे. अर्ज कोठे करावयाचा हेच ज्याला कळत नाही, त्याचा अर्ज कितीही न्याय्य असला तरी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

‘राज्यांचे सार्वभौमत्व’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे अमेरिकेच्या राजकारणातून आला. तिकडे आधी १३ राज्ये स्वतंत्र झाली आणि मग त्यांनी एकत्र येऊन संघराज्य उभारले. म्हणून १७९१ साली त्यांनी आपल्या घटनेत दहावी दुरुस्ती करून घेतली. जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत आणि राज्यांना मना केलेले नाहीत, ते राज्यांचे किंवा जनतेचे, असा तिचा आशय आहे. १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाच्या आधारे असा निकाल दिला की, केंद्राचा कायदा राबविण्यासाठी राज्याच्या अधिकाऱ्यांना केंद्राने हुकूम सोडता कामा नये. बंदूक विकत घेणाऱ्यांची चौकशी स्थानिक शेरीफांनी करावी, या तरतुदीवरून तो खटला उभा राहिला होता.

पण याच घोषणेची दुसरी बाजूही विसरू नका. १९५७ साली आर्कान्सास राज्यातील लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या हायस्कुलात शिकावयास निघाले. न्यायालय त्यांच्या बाजूने होते. तरीही राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी त्यांना अडविण्यासाठी राज्याचे सैनिक शाळेच्या दाराशी उभे केले. शेवटी अध्यक्ष आयसेनहॉवर यांना केंद्राचे लष्कर पाठवावे लागले, तेव्हा ती मुले वर्गात जाऊन बसली. राज्याचा हक्क ही ढाल आहे. ती कोणाच्या हातात आहे आणि तिच्याआड कोण उभे आहे, हे पाहिल्याशिवाय तिची स्तुतीही करू नये आणि निंदाही करू नये.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्या घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हटले आहे. परंतु येथे राज्यांनी करार करून संघ निर्माण केलेला नाही. तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद नवे राज्य करू शकते, सीमाही बदलू शकते. विधिमंडळाचे मत विचारावे लागते, पण ते बंधनकारक नाही. आपला महाराष्ट्रसुद्धा लोकांनी लढून मिळविला हे खरे, पण १९६० साली तो अस्तित्वात आला तो संसदेच्या कायद्याने.

हा प्रश्न एकदा न्यायालयात सरळसरळ उभा राहिला. १९५७ च्या केंद्रीय कायद्यान्वये कोळशाच्या जमिनी ताब्यात घेण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. राज्य सार्वभौम आहे, त्याच्या मालकीची जमीन संसद कायद्याने घेऊ शकत नाही, अशी पश्चिम बंगालची भूमिका होती. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती फेटाळली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र आपले वेगळे मत नोंदविले. तेव्हा अमेरिकन अर्थाचे सार्वभौमत्व आपल्या राज्यांना नाही, हे प्रथम मान्य करून पुढे जाऊ.

मग राज्ये म्हणजे केंद्राच्या कचेऱ्या आहेत काय? मुळीच नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीत समारोपाचे भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा मुद्दा स्पष्ट केला होता. राज्यांना कायदे करण्याचा अधिकार केंद्राच्या एखाद्या कायद्याने दिलेला नसून तो खुद्द घटनेने दिला आहे, आणि या बाबतीत दोघेही बरोबरीचे आहेत, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. मुलाला खाऊचे पैसे वडील देतात, ते वडील बंदही करू शकतात. पण आजोबांच्या मृत्युपत्राने मिळालेला वाटा वडिलांना काढून घेता येत नाही. राज्यांचे अधिकार हा असा मृत्युपत्रातला वाटा आहे.

हा वाटा वेळोवेळी ओरबाडला गेला. १९५९ साली केरळचे बहुमतातले सरकार ३५६ व्या अनुच्छेदाखाली बरखास्त झाले. १९७७ साली जनता पक्षाच्या केंद्र सरकारने नऊ राज्यांतील विधानसभा विसर्जित करविल्या आणि १९८० साली काँग्रेसच्या केंद्र सरकारने तेवढ्याच राज्यांत तेच केले. त्या दुसऱ्या यादीत आपला महाराष्ट्र होता. म्हणजे हा दोष एका पक्षाचा नाही. दिल्लीची खुर्ची मिळाली की हात लांब होतो, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ११ मार्च १९९४ रोजी बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हाताला मर्यादा घातली. सरकारकडे बहुमत आहे की नाही हे राजभवनात नव्हे, विधानसभेच्या सभागृहात ठरावे, राष्ट्रपती राजवटीचा निर्णय न्यायालयाला तपासता येतो आणि संघराज्य पद्धती हा घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे, असे त्या निकालाने सांगितले.

आता मूळ मुद्द्याकडे, शिक्षणाकडे येऊ. घटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत : केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती. १९५० साली शिक्षण राज्याच्या यादीत होते. उच्च शिक्षणाचा दर्जा राखण्यासारख्या काही ठरावीक बाबी केंद्राकडे होत्या. मौलाना आझाद १९४७ पासून १९५८ पर्यंत देशाचे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोग आला, तंत्रशिक्षणाच्या मोठ्या संस्था आल्या, पण शाळा राज्यांच्याच हाती राहिल्या.

१९७६ साली आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण राज्याच्या यादीतून समवर्ती यादीत गेले. विरोधी पक्षांचे अनेक नेते त्या वेळी तुरुंगात होते. पण पालकहो, एक गोष्ट लक्षात ठेवा. या याद्या बदलण्यासाठी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, आणि ती संमती मिळाली. म्हणजे राज्यांचा हक्क दिल्लीने काढून घेतला, तेव्हा राज्यांनीच हात वर करून तो दिला. पुढे ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतले अनेक बदल रद्द झाले. शिक्षण मात्र समवर्ती यादीतच राहिले.

समवर्ती म्हणजे काय? दोन भावांची सामाईक विहीर समजा. पाणी दोघांनी काढावयाचे; पण तंटा झाला तर थोरल्याची बादली आधी, असा करार आहे. २५४ वा अनुच्छेद हेच सांगतो. केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांस विरोधी असतील तर केंद्राचा कायदा टिकतो. राज्याला आपला कायदा टिकवावयाचा असेल तर राष्ट्रपतींची संमती मिळवावी लागते. आणि राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, हे येथील दहावीच्या विद्यार्थ्यालाही माहीत आहे.

याचा चटका आपल्या घरांना बसलेला आहे. २०१६ साली महाराष्ट्रातील मुले वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याच्या सीईटीचा अभ्यास करीत होती. एप्रिलच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला की, देशभर ‘नीट’ हीच परीक्षा. मे महिन्यात केंद्राने वटहुकूम काढून राज्यांना त्या वर्षापुरती सवलत दिली, तेव्हा मुलांचा जीव भांड्यात पडला. पुढे नीट कायम झाली. २०१७ साली ती इंग्रजी-हिंदीसह दहा भाषांत झाली. त्यांत मराठी होती, गुजराती होती, पण उर्दू नव्हती. महाराष्ट्रातील उर्दू माध्यमातून शिकणाऱ्या मुलांनी काय करावयाचे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१८ पासून उर्दू आली. दूरच्या कचेरीला जवळचे मूल दिसत नाही, ते असे. त्या कचेरीच्या मनात वैर होते असे मी म्हणत नाही. मैलभर उंचीवरून पाहणाऱ्याला गल्ली दिसत नाही, इतकेच.

दुसरा प्रकार पैशाचा. कायद्याने जे करविता येत नाही, ते तिजोरीच्या किल्लीने करविता येते. ‘समग्र शिक्षा’ योजनेचा पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात. तमिळनाडूने केंद्राच्या ‘पीएम श्री’ योजनेच्या करारावर सही करण्यास नकार दिला. २०२४-२५ चा केंद्राचा हिस्सा अडला. दोन हजार कोटींहून अधिक रकमेसाठी मे २०२५ मध्ये त्या राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. राष्ट्रीय शिक्षण धोरण चांगले की वाईट, यावर मतभेद असू शकतात. पण धोरण पटले नाही म्हणून मुलांचे पैसे अडू नयेत, यावर मतभेद का असावा?

आता दुसऱ्या पारड्यातही काही टाकू, नाही तर तराजू खोटा ठरेल. सहा ते चौदा वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आणि २००९ च्या केंद्रीय कायद्याने दिला. सगळ्या राज्यांनी तो आपणहून दिला नसता. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा हक्क ३० व्या अनुच्छेदाने दिला, आणि त्या हक्काला राज्यांच्या कायद्यांनीही धक्के दिले आहेत. १९५८ साली केरळच्या शिक्षण विधेयकावर आणि १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच अल्पसंख्याक संस्थांच्या हक्कांचे रक्षण करावे लागले. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्याने करावी, हे ३५० अ अनुच्छेदाने सांगितले. तेव्हा राज्य म्हणजे नेहमी आपली आई आणि केंद्र म्हणजे सावत्र आई, असे समजू नका.

उलट, राज्यांना मोकळीक दिल्याने देशाचेच भले होते, हेही खरे. शाळेत दुपारचे जेवण देण्याची वाट तमिळनाडूने दाखविली; ते देशभर पोचले. रोजगार हमीचा कायदा आपल्या महाराष्ट्राने १९७७ साली केला. केंद्राचा कायदा २००५ साली आला. सगळी राज्ये एकाच साच्यात घातली असती तर या दोन गोष्टी पहिल्यांदा कोणी करून पाहिल्या असत्या?

माझे मत थोडक्यात सांगतो. हक्कांचे संरक्षण जितके वर असेल तितके चांगले. ते घटनेत असावे, म्हणजे मुंबईचे सरकार बदलो की दिल्लीचे, ते हलणार नाही. पण रोजचा कारभार, म्हणजे पुस्तक, भाषा, परीक्षा आणि वेळापत्रक, जितका मुलाच्या जवळ असेल तितका चांगला. म्हणून शिक्षण पुन्हा राज्याच्या यादीत यावे, असे मला वाटते. मूलभूत हक्क मात्र आहेत तसेच वर राहावेत. आणि जो न्याय राज्य दिल्लीकडे मागते, तोच त्याने जिल्हा परिषदेला आणि नगरपालिकेला द्यावा. दिल्लीकडे हात पसरून अधिकार मागावयाचे आणि गावच्या शाळेला कागदी घोडे पाठवून हैराण करावयाचे, हे बरे नव्हे.

राज्याच्या हाती अधिकार आला म्हणजे काम संपले, असेही नाही. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय राज्यानेच काढले होते. लोकांनी विरोध केला आणि २९ जून २०२५ रोजी ते मागे घेतले गेले. मुंबईचे सरकार जवळ होते, म्हणून लोकांचा आवाज दोन-अडीच महिन्यांत पोचला. जवळच्या सरकारचा उपयोग हाच. पण आवाज काढला तर!

म्हणून पालकहो, शाळेतून एखादे परिपत्रक घरी आले की ते कोणाच्या सहीचे आहे, हे आधी वाचा. राज्याचे असेल तर आमदाराकडे आणि शिक्षणाधिकाऱ्याकडे जा. केंद्राचे असेल तर खासदाराला धरा. मूलभूत हक्काला धक्का लागत असेल तर न्यायालयाचे दार उघडे आहे. एकट्याने ओरडू नका, पालक-शिक्षक संघाच्या नावाने लेखी द्या आणि पोच घ्या. विद्यार्थी मित्रहो, घटनेची मराठी आणि उर्दू भाषांतरे मिळतात. नागरिकशास्त्राचा धडा गुणांपुरता पाठ करून सोडून देऊ नका. तुमच्यातून डॉक्टर आणि इंजिनिअर तर व्हावेतच. पण वकील, प्रशासक आणि अभ्यासू लोकप्रतिनिधीही व्हावेत. सातव्या परिशिष्टाचा एक-एक शब्द हजारो मुलांचे वर्ष वाचवू शकतो किंवा वाया घालवू शकतो.

अधिकाराच्या वाटणीत जो जागा राहत नाही, त्याचा वाटा कमी होतो. १९७६ साली राज्यांची विधिमंडळे जागी राहिली नाहीत. आपण राहू या.