वसंतरावांचें घराणें

अकोल्याहून अमरावतीकडे जातांना वाटेंत मूर्तिजापूर लागतें. कापसाचें गांव आणि रेल्वेचें जंक्शन, एवढीच त्याची ओळख बहुतेक प्रवाशांना असते. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजीं येथें झाला. पुढें एका प्रश्नानें त्यांचा जन्मभर पिच्छा पुरविला. बुवा, आपलें घराणें कोणतें ?

प्रश्न सहज विचारला जाई, पण त्यावर पुष्कळ अवलंबून असे. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर, यांपैकीं एक नांव सांगितलें कीं श्रोता निर्धास्त होई. आवाज कसा लागेल, ताना कोणत्या वळणाच्या येतील, याचा अंदाज त्यास आधींच बांधतां येई. घराणें न सांगणारा गवई म्हणजे गोत्र न सांगणारा सोयरा !

वसंतरावांची अडचण अशी कीं, खरें उत्तर फार लांबलचक होतें. नागपुरास शंकरराव सप्रे यांनीं पाया घातला. लाहोरास असदअली खाँ यांची तालीम मिळाली. तेथें महिनेच्या महिने एकटा मारवाच त्यांच्याकडून घोटून घेतला गेला, असें सांगतात. सुरेशबाबू माने किराण्याचे, अंजनीबाई मालपेकर भेंडीबाजारच्या, रामकृष्णबुवा वझे ग्वाल्हेरचे. शिवाय कानांत दीनानाथ मंगेशकर घुमत असत ते निराळेच. एकाचें नांव घ्यावें तर इतरांचें ऋण बुडविल्यासारखें होणार. तेव्हां आपलें घराणें आपल्यापासूनच सुरू होतें, असें ते सांगूं लागले. ऐकणारास त्यांत अहंकार दिसे. वस्तुतः तो चोख हिशेब होता. आणि हा गृहस्थ सुमारें २४ वर्षें लष्करी हिशेबखात्यांत नोकरी करीत होता, हेंही विसरतां येत नाहीं. घराण्याच्या नांवामागें गुरुबंधु असतात, आश्रयदाते असतात, ठरलेल्या बैठकी असतात. पाटी नाकारणारास हें सारें आयतें मिळत नाहीं.

आक्षेपकांचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें नव्हे. एका शिस्तींत वाढलेल्या गायकींत रागाची जी संथ बढत असते, ती वसंतरावांकडे दर वेळीं सांपडत नाहीं. तान मध्येंच झेपावते, सुरावट अवचित भलत्याच दिशेला वळते. परंतु त्यांचा मारवा ऐकतांना ही तक्रार तोंडांतल्या तोंडांत राहते. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, लावणी हे त्यांना वेगवेगळे कप्पे वाटलेच नाहींत. एकाची फिरत दुसऱ्यांत निःशंकपणें येई.

१९६७ सालीं पुरुषोत्तम दारव्हेकरांचें ‘कट्यार काळजांत घुसली’ रंगभूमीवर आलें. संगीत जितेंद्र अभिषेकींचें होतें. आपल्या घराण्याची विद्या परक्याच्या हातीं जाऊं न देणारे खाँसाहेब त्यांत वसंतरावांनीं उभे केले, आणि घराण्याची पाटी नाकारणारा हा गवई घरोघरीं पोंचला तो या खाँसाहेबांच्या वेषांत ! चार दारीं विद्या मागणारे वसंतराव खरें पाहतां नाटकांतल्या सदाशिवाच्या अधिक जवळचे. पण खाँसाहेबांचा तो पीळ त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाच्या गळ्यांत बसला नसता.

१९८२ सालीं त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ३० जुलै १९८३ रोजीं पुण्यास ते निवर्तले. पुढें नातू राहुल देशपांडे यांनींही तेच खाँसाहेब रंगभूमीवर उभे केले.