जाळीचा खर्च आणि जिवाचा हिशेब
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या वस्तीतले किती हात बांधकामावर राबतात, हे सांगायला नको. कुणी गवंडी, कुणी सेंट्रिंगवाला, कुणी रंगारी. कितीतरी भगिनी घमेली वाहतात. म्हणून आज आम्ही एक हिशेब मांडणार आहोत. विषय रुक्ष वाटेल, पण हिशेब आपल्याच घरचा आहे.

जाळी लावा, पट्टे द्या म्हटलं, की ठेकेदार म्हणतो, "परवडत नाही." खरंच परवडत नाही का? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर. त्या काळी तिथे दहा लाख डॉलरच्या कामामागे एक माणूस जाणारच, असे धरून चालत. म्हणजे पस्तीस जीव आधीच हिशेबात धरलेले! मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली भली मोठी जाळी बांधून घेतली. तिला सुमारे १ लाख ३० हजार डॉलर लागले. शंभर रुपयांच्या कामात चाळीस पैसेसुद्धा नाहीत! त्या जाळीने १९ माणसे झेलली. मात्र १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांची कोसळली, तिच्यासकट जाळी तुटली आणि १० कामगार गेले. पुलाच्या कामात एकूण ११ मृत्यू झाले. यातून दोन गोष्टी शिकायच्या. जाळी परवडते, आणि जाळी आहे म्हणून परांची कच्ची ठेवून चालत नाही.

मग ठेकेदाराला का परवडत नाही? कारण जाळीचा खर्च त्याच्या वहीत आज पडतो आणि अपघाताचा बराचसा खर्च त्या वहीत येतच नाही. काम थांबले, माल वाया गेला, नवा माणूस शिकवावा लागला, हे तो भरपाईच्या रकमेत धरीत नाही. आणि बाकीचा खर्च कुठे जातो? तो आपल्या घरी येतो! दवाखान्याची उधारी, सावकाराचे व्याज, मुलीची सुटलेली शाळा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारी बायको. हे आकडे कुठल्याच टेंडरात नसतात. म्हणून सुरक्षा महाग वाटते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातल्या कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले. माणूस कुठे राबतो, हे खाली जाऊन पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, हेच आपण त्यातून घ्यायचे.

आता आपण काय करायचे? १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर १ ते २ टक्के उपकर बसवला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो ठेवला. तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी आहे. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम झालेले असेल, तर कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. ती करून घ्या. हजेरीचा पुरावा जपून ठेवा.

दुसरे असे, की कामावर मृत्यू झाला तर भरपाई कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. मुकादमाने घरी येऊन पाकीट दिले, कागदावर अंगठा घेतला, म्हणजे प्रकरण मिटले असे नव्हे. अशा कागदावर सही करू नका.

तिसरे, पट्टा मागायला लाजू नका. आणि मिळाला तर "गरम होतं" म्हणून खुंटीला अडकवू नका. एकट्याने मागितले तर उद्या नाक्यावरून दुसरा उचलतील. म्हणून दहा जणांनी मिळून मागा. माता-भगिनींनो, संध्याकाळी घरी आलेल्याला "हजेरी किती मिळाली?" एवढेच विचारू नका. "जाळी होती का?" हेही विचारा.

आपल्या माणसाची किंमत आपणच कमी धरली, तर दुसरा कशाला जास्त धरील?