वेग बदलतानाचा सूर

ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर बसून आज आपण फिरणाऱ्या स्पीकरबद्दल बोलणार आहोत.

इथून जवळच ग्वारीघाट स्टेशन आहे. गोंदियाकडची गाडी शिट्टी देत जवळ येते तेव्हा स्वर चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. शिट्टी तीच असते, फक्त ती आपल्याकडे येते किंवा दूर जाते. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात.

अमेरिकेत डोनाल्ड लेस्ली यांनी ही गंमत एका लाकडी कपाटात भरली. हॅमंडचा इलेक्ट्रिक ऑर्गन १९३५ साली आला, आणि १९४१ च्या सुमारास लेस्लींचा फिरता स्पीकर. कपाटात वर कर्णा फिरतो. त्याला तोंडं दोन, पण वाजतं एकच; दुसरं तोल सांभाळायला. खाली जाड आवाजासाठी ड्रम फिरतो. वेग दोन: संथ, म्हणजे मिनिटाला साधारण ४० ते ५० फेरे, आणि जलद, म्हणजे ३४० ते ४००. आपल्याला हे फार परकं नाही. नाट्यसंगीताच्या साथीला जे पायांचे ऑर्गन असत, त्यांतल्या काहींत एक स्टॉप ओढला की हवेच्या वाटेत पंखा फिरून स्वर थरथरे.

आता माझी चूक सांगतो. एका वयस्कर ऑर्गनवादक काकांकडे असा जुना स्पीकर होता. ते म्हणाले, "बाळा, मी बटण दाबतो आणि हा आळशी उशिरा उठतो. ओळ संपून जाते." मी रिले काढून सॉलिड स्टेट रिले बसवला. बिल झालं, फरक शून्य.

का? कारण उशीर दोन प्रकारचा असतो. एक हुकुमाचा: बटणापासून मोटरपर्यंत वीज पोचण्याचा. तो रिलेमध्ये असतो आणि सेकंदाच्या अगदी लहान भागात संपतो. दुसरा वजनाचा. कर्णा ४८ वरून ४०० फेऱ्यांवर न्यायचा म्हणजे त्याची फिरण्याची ऊर्जा सुमारे ७० पट करायची. कर्णा हलका, म्हणून तो सेकंदभरात उठतो. ड्रम जड, त्याला चार-पाच सेकंद लागतात. मी पहिल्या उशिरावर पैसे खर्च केले आणि आजार दुसऱ्याचा होता. पट्टा सैल, बेअरिंगचं तेल घट्ट झालेलं, संथ मोटरचं रबरी चाक गुळगुळीत. साफसफाई, थेंबभर तेल, नवा पट्टा, नवं रबर. निम्मी तक्रार तिथेच गेली.

आणखी एक गोष्ट तपासा. अमेरिकेसाठी बनलेली मोटर ६० हर्ट्झची असते, आपली वीज ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ नाही. मोटर साधारण सहाव्या हिश्शाने मंद फिरते. ते सुधारायचं तर पुली बदलावी लागते, सर्किट नव्हे.

मग मला उत्साह आला. वेग उतरवताना मोटरच्या गुंडाळीत क्षणभर डीसी सोडली की ब्रेक लागतो, तो मी टायमरने बसवला. कर्णा झटकन थांबू लागला. काकांनी दोन ओळी वाजवल्या आणि हात उचलले. म्हणाले, "आता चुकत नाही, पण श्वासही घेत नाही."

तेव्हा उमगलं. कर्णा आधी आणि ड्रम मागून वेग घेतो, त्या मधल्या दोन-चार सेकंदांतच या वाद्याचा जीव आहे. मींड काढून दोन स्वर कोरडे ठेवावेत, तसं मी केलं होतं. शेवटी ब्रेक फक्त कर्ण्याला ठेवला, तोही वेगळ्या बटणावर. ड्रमला हात लावला नाही. काका आता हवं तेव्हाच तो वापरतात.

तुम्ही हे करणार असाल तर तीन गोष्टी. आधी यंत्र साफ करा, मग सर्किट. जे बसवाल ते काढता येईल असं बसवा. मूळ तारा कापू नका. आणि व्हॉल्व्हच्या कपाटात शेकडो व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतात. जाणकार सोबत नसेल तर झाकण उघडू नका.

आणि स्क्रू खोलण्याआधी वादकाला विचारा: तुम्हाला वेग लवकर हवा, की वेळेवर? मी ते विचारलं नव्हतं.